घामाला दहापैकी दहा

इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची प्लास्टिकची बाटली मिस्टरांनी त्या बुधवारी गुपचूप डब्याच्या पिशवीत टाकली, एवढीच काय ती चूक. बाकी जे झालं ते आपोआप होत गेलं, असं ते अजूनही सांगतात. ऐकणारा ओळखीचा असेल तर तो मान खाली घालून हसू दाबतो.

मिस्टर म्हणजे मॅडमचे मिस्टर. त्यांना स्वतःचं नाव आहे, पगाराच्या कागदावर ते छापूनही येतं. पण मॅडम गेली चोवीस वर्षं शाळेत गणित शिकवतात आणि निम्म्या गावाने त्यांच्या हातून कधी ना कधी भोपळा घेतलेला आहे. त्यामुळे किराणावाला, दातांचा डॉक्टर, बँकेतला कॅशियर, सगळे यांना ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणूनच ओळखतात. पुढे पुढे त्यातलं ‘मॅडमचे’ झिजून गेलं आणि नुसतं ‘मिस्टर’ उरलं. यांनीही कधी तक्रार केली नाही. (केली असती तरी ऐकणार कोण?)

मिस्टरांची नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये. सव्वीस वर्षं हा माणूस उणे अठरा अंशांत वाटाण्यांची पोती आणि आइस्क्रीमचे खोके मोजत उभा आहे. अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट, गळ्यात मफलर आणि डोक्यावर माकडटोपी. आता सव्वीस वर्षं बर्फात काढल्यावर शरीराने काय करावं? त्याने थंडीशी घरोबा केला आणि उन्हाशी कायमचं वैर धरलं. बाहेर लोक म्हणायचे, आज हवा काय छान आहे, तेव्हा यांची कॉलर ओली झालेली असायची. घरी पंखा पाचावर, खिडक्या उघड्या, आणि सासूबाई शाल पांघरून कोपऱ्यात. सासूबाई लेकीकडेच राहायच्या. जावयाला दुखवायचं नाही म्हणून त्या पंख्याबद्दल काही बोलत नसत, फक्त दर पंधरा मिनिटांनी शिंकत.

मॅडमच्या शाळेतले शिक्षक दर दोन वर्षांनी जोडीजोडीने सहलीला जायचे. सगळा कारभार पी.टी.च्या सरांकडे. आजवर तीन सहली झाल्या, आणि तिन्ही वेळा चढण आली की मिस्टर बसमधूनच म्हणाले, “तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळतो.” पिशव्या त्यांनी उत्तम सांभाळल्या, त्याबद्दल दुमत नाही. पण घरातल्या अल्बममध्ये त्याचा हिशोब राहून गेला. वर पोचल्यावरच्या फोटोंत बाकी सगळे नवरा-बायको खांद्याला खांदा लावून उभे, आणि मॅडमच्या शेजारी एका सहलीत खांब, दुसऱ्या सहलीत माहितीचा फलक आणि तिसऱ्या सहलीत चक्क कचऱ्याचा डबा.

या वर्षी सहल परदेशी ठरली. भर उन्हाळ्यात, समुद्राकाठच्या दमट देशात, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच. चौथ्या दिवशी एका टेकडीवरचा जुना दीपस्तंभ पाहायचा होता. चारशे पायऱ्या, आणि वर गेलं की दोन्ही बाजूंना समुद्र. मॅडमनी ते पत्रक वाचलं, घडी घातली आणि नवऱ्याला सांगितलं, “या वेळी वर दोघांचा एक फोटो हवा. मला दुसरं काही नको. सोनं नको, साडी नको. एक फोटो.”

इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने काही मागितलं नव्हतं. मागितलं ते नेमकं हे. मिस्टरांनी हो म्हटलं आणि पत्रक उघडून चारशेचा आकडा परत एकदा वाचला.

त्यात पी.टी.च्या सरांनी तयारीचा कार्यक्रम जाहीर केला. सर स्वभावाने चांगले, पण गळ्यातली शिट्टी ते लग्नातसुद्धा काढत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दमट हवेत माणूस अचानक गेला की कोसळतो, म्हणून शरीराला आधीपासून वळण लावायचं. पंधरा दिवस रोज भर दुपारी अर्धा तास चालायचं आणि घामाघूम झालेल्या चेहऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आता शिक्षकांचा ग्रुप म्हटल्यावर नुसता फोटो टाकून कसं भागेल? घाम पाहून सर दहापैकी मार्क देणार. ज्याची सरासरी सहाच्या खाली, त्याने दीपस्तंभाच्या दिवशी बसमध्ये बसायचं. परदेशात कुणाला उचलून खाली आणायला आपल्याकडे स्ट्रेचर नाही, असंही त्यांनी खाली लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी मिस्टर प्रामाणिकपणे निघाले. कोल्ड स्टोरेजच्या फाटकातून बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेले आणि तिथे त्यांना दोन खांब दिसायला लागले. टायरवाल्याने त्यांना आपल्या स्टुलावर बसवून डोक्यावर पाणी ओतलं. तशाच अवस्थेत काढलेल्या फोटोला सरांनी दोन मार्क दिले. शेरा होता, ‘चालायचं होतं. बसलेले दिसता.’ दुसऱ्या दिवशी ते खांबापर्यंतही पोचले नाहीत. त्या दिवशी एक मार्क पडला, आणि तोही फोटो वेळेत टाकल्याचा.

तिसऱ्या दिवशी बाटली निघाली.

कृती सोपी होती. कपाळावर दोन फवारे, गळ्याशी दोन, बगलेत एकेक. फोर्कलिफ्टवाला मोठ्या आवडीने फोटो काढायचा, कारण त्याच्या नोकरीत यापूर्वी करमणूक अशी नव्हती. पहिल्या फवाऱ्याला सहा मार्क मिळाले, दुसऱ्या दिवशी आठ. मिस्टरांना आयुष्यात भूगोल सोडला तर कशातच आठ मिळाले नव्हते. त्यांची भीड चेपली. आधी ते निदान अंगणात जाऊन फवारत. मग अंगणातही ऊन लागतं म्हणून दाराच्या आत फवारायला लागले. शनिवारी तर हातातलं काम सोडवेना म्हणून सरळ वाटाण्यांच्या खोलीतच, कोट काढून, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले.

आता उणे अठरात पाणी मारल्यावर काय होणार? फोर्कलिफ्टवाल्याने बोटं चोळत फोटो काढेपर्यंत मिस्टरांच्या मिशीवर आणि भुवयांवर पांढरं फटफटीत गोठून बसलं. वेळ संपत आली होती. त्यांनी डोळे मिटून तो फोटो धाडून दिला आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

पाचच मिनिटांत सरांचा लांबलचक मेसेज आला. त्यांनी लिहिलं होतं, की मिशीवर दिसतंय ते मीठ आहे, घाम इतका जोरदार आलाय की त्यातलं मीठ जागीच सुकलं आहे, आणि असा घाम आपण नोकरीत कधी पाहिला नाही. दहापैकी दहा. विज्ञानाच्या बाईंनी त्याखाली शरीरातल्या क्षारांवर एक परिच्छेद लिहिला. मराठीच्या सरांच्या पत्नींनी विचारलं, की असा घाम यायला नेमकं काय करायचं. मिस्टरांनी (खोटं एकदा बोललं की ते चांगलंच बोलावं लागतं) चार सूचना लिहून पाठवल्या. त्यातली तिसरी ‘मन मोठं ठेवा’ अशी होती. संध्याकाळपर्यंत सरांनी त्यांना सहलीचे उष्मा-प्रमुख नेमलं. दीपस्तंभाच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे प्रथमोपचाराची पिशवी घेऊन मिस्टर चालणार, आणि दमलेल्यांना धीर देणार.

मॅडमनी तो फोटो जेवणाच्या टेबलावर पाहिला. दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग “छान आलाय” एवढंच म्हणून त्या ताटं घ्यायला उठल्या.

ते ‘छान आलाय’ मिस्टरांना जेवणभर टोचत राहिलं. बायको कौतुकाने बघतेय, आणि आपण तिला वाटाण्यांच्या खोलीतला बर्फ दाखवतोय. चौथ्या दिवशी चारशे पायऱ्या समोर येतील तेव्हा तिथे बाटली काय कामाची? दहाव्या पायरीवर उष्मा-प्रमुख आडवा, आणि मॅडमच्या शेजारी परत कचऱ्याचा डबा. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. त्यांनी ठरवलं, आता खरी तयारी करायची. पण उन्हात जायची हिंमत नव्हती, तेव्हा ऊनच घरात आणायचं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्टर कामावरून लवकर येऊन बाथरूममध्ये शिरायला लागले. झरोक्यात ओला टॉवेल कोंबायचा, गीझरचं कढत पाणी सोडायचं, वाफेने आरसा दिसेनासा झाला की पूर्ण पोशाख चढवायचा. बूट, टोपी, काळा चष्मा, पाठीला भरलेली सॅक. मग पालथ्या बादलीवर एक पाय चढवायचा, उतरवायचा, दुसरा चढवायचा. दम लागला की दाराला टेकून श्वास घ्यायचा. सासूबाईंना त्यांनी सांगितलं होतं, की डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितली आहे. आतून धाड धाड आवाज का येतो, हे त्यांनी विचारलं नाही. जावयाच्या वाफेत सासूने किती लक्ष घालायचं?

पहिल्या दिवशी चाळीस पायऱ्यांत ते गार झाले. चौथ्या दिवशी शंभर झाल्या. आठव्या दिवशी, म्हणजे निघण्याआधीच्या रविवारी, त्यांनी दोनशे दहा केल्या. घाम असा गळत होता की बाटलीची आठवणसुद्धा होऊ नये. खूश होऊन त्यांनी नळ बंद केला, दाराची कडी काढली आणि दार ओढलं.

दार हललं नाही.

लाकडी दार ते. आठ दिवस वाफ पिऊन चौकटीत गच्च बसलं होतं. मिस्टरांनी ओढलं, पाय लावून ओढलं, मुठीने ठोकलं. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, तर “काही नाही, वाफ चालू आहे” असं सांगितलं. कारण मॅडम दळण आणायला गेल्या होत्या, आणि त्या यायच्या आत बाहेर पडता आलं तर सगळं झाकलं जाणार होतं. पण त्या दिवशी पाच वाजता ग्रुपची बॅग-तपासणी होती, आणि ती मिस्टरांच्याच घरी होती. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा बाहेर बेल वाजली होती.

शिक्षकमंडळी जोडीजोडीने बॅगा ओढत आत आली. सासूबाईंनी सरांना काळजीने सांगितलं, की जावईबापू दीड तास वाफ घेताहेत आणि आता आवाजही बंद झालाय. आवाज बंद झाला होता, कारण मिस्टर आत बादलीवर बसून आपण नळाच्या पाइपमधून जाऊ शकतो का याचा विचार करत होते. सरांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना मागे सारलं आणि खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं.

ढगभर वाफ दिवाणखान्यात आली. वाफ विरली तेव्हा आत दचकून उभे राहिलेले मिस्टर दिसले. टोपी, काळा चष्मा, पाठीला सॅक, एक पाय बादलीवर, आणि चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा. त्याच वेळी मॅडम दळणाचा डबा घेऊन मागून आत आल्या.

 मग सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, की याला म्हणतात निष्ठा, आणि दहापैकी दहा उगाच मिळत नाहीत. टाळ्या पडल्या. मिस्टरांनी चष्मा काढला. बायको डबा छातीशी धरून त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्या टाळ्या त्यांना सहन होईनात.

“सर, ते दहा मार्क खोटे आहेत,” ते म्हणाले. “तो घाम नव्हता. इस्त्रीच्या बाटलीतलं पाणी होतं. मी खांबापर्यंतसुद्धा चालू शकत नाही.”

टाळ्या थांबल्या. सरांनी शिट्टी हातात घेतली आणि सोडून दिली.

“मला माहीत होतं,” मॅडम म्हणाल्या. “त्या फोटोत मागच्या भिंतीवर तापमानाचा बोर्ड आहे. उणे अठरा.”

सगळ्यांनी खिशातून फोन काढले. बोर्ड होता. लाल आकड्यांत ठळक होता, मिस्टरांच्या कानाच्या अगदी वर. सरांनी कबूल केलं, की आपल्याला तो खोलीचा नंबर वाटला.

नियम म्हणजे नियम. सरांनी बाटली निघाल्यापासूनचे सगळे मार्क रद्द केले, आणि दीपस्तंभाच्या दिवशी मिस्टर बसमध्ये बसतील असं तिथल्या तिथे जाहीर केलं. मिस्टरांनी मान हलवली. त्यांना ओला टॉवेल डोक्यावर देऊन खुर्चीत बसवलं, हातात मीठ-साखरेचं पाणी दिलं, आणि मंडळी बॅग-तपासणीला लागली. सरांनी प्रत्येक बॅगेतून शाली, स्वेटर, मोजे, लोकरीचं जे जे दिसेल ते बाहेर काढलं. दमट देशात सुती कपड्यांखेरीज काही न्यायचं नाही. सोफ्यावर शालींचा ढीग झाला. खुर्चीत गळून पडलेल्या मिस्टरांची बॅग तेवढी आतल्या खोलीत राहून गेली, तिची कुणाला आठवण झाली नाही.

सगळे गेल्यावर मिस्टरांनी मॅडमना विचारलं, की माहीत होतं तर बोलली का नाहीस.

“चोवीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडतेय,” त्या म्हणाल्या. “पास व्हायला करतात, घरचा मार चुकवायला करतात. माझ्याबरोबर वर यायला मिळावं म्हणून कुणी कॉपी केली नव्हती.” आणि त्या दळणाचं पीठ डब्यात भरायला गेल्या. मिस्टर टॉवेलखाली बराच वेळ नाक ओढत बसले.

परदेशात विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि मिस्टरांना आपलं बाथरूमच आठवलं. तीच वाफ, तसाच चिकटा. मंडळी मात्र पंधरा दिवसांच्या तयारीने ताठ मानेने चालत होती. गोची वेगळीच झाली. तिथल्या लोकांनीही उकाड्याचा धसका घेतलेला. त्यांनी बस, हॉटेल, संग्रहालय, दुकानं, सगळ्याची कोल्ड स्टोरेजं करून टाकली होती. बाहेर दहा मिनिटं चिंब भिजायचं, की आत शिरून तासभर गोठायचं. सुती सदरे अंगाला चिकटून गार पडायचे. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाई शिंकल्या, संध्याकाळी मराठीचे सर खोकले, तिसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळं टेबल नाक पुसत होतं. शालींचा ढीग इकडे घरी सोफ्यावर.

ठणठणीत होते ते मिस्टर. बसमध्ये लोक कुडकुडत असताना त्यांना सव्वीस वर्षांच्या ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. शिवाय न तपासलेल्या बॅगेत त्यांनी सवयीने दोन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी भरली होती. ती सगळी बसमध्ये मॅडमच्या अंगावर चढली. मॅडमचे फक्त डोळे दिसत, पण शिंक एकही आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खाली बस उभी राहिली आणि तिच्यात मॅडम आणि मिस्टर अशी दोनच माणसं चढली, बाकी सगळे पांघरुणात होते. पी.टी.चे सर खाली आले ते ब्लँकेट पांघरून. घसा पार बसला होता. त्यांनी हातानेच मिस्टरांना टेकडीकडे बोट दाखवलं, मग बसकडे, मग नियम आठवून थोडं थांबले, आणि शेवटी ‘जा’ म्हणून हात जोडून परत लिफ्टकडे गेले.

पुढच्या चारशे पायऱ्यांबद्दल मिस्टर फारसं बोलत नाहीत. पन्नासाव्या पायरीवर ते बसले. शंभराव्या पायरीवर त्यांनी बायकोला तू पुढे जा असं सांगितलं. मॅडमनी ऐकलं नाही. त्यांनी मिस्टरांच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला आणि अपूर्णांकात हिशोब सुरू केला. एक चतुर्थांश झालं. आता तीन अष्टमांश. आता निम्मं. मिस्टर म्हणाले, निम्मं झालं म्हणजे उतरायलाही निम्मंच आहे, उतरू या का. मॅडमनी असल्या उदाहरणाला आपण मार्क देत नाही असं सांगून पट्टा ओढला. तीन चतुर्थांशाला मिस्टरांची टोपी वाऱ्याने गेली. सात अष्टमांशाला त्यांनी एका पायरीला मिठी मारली. शेवटच्या वीस पायऱ्या ते हात टेकून चढले, आणि मग एकदम समोर समुद्र आला, उजवीकडेही आणि डावीकडेही.

 मॅडमनी पदराने आधी नवऱ्याचा चेहरा पुसला, मग स्वतःचा.  तिथे आलेल्या एका अनोळखी बाईंना त्यांनी खुणेनेच फोन दिला. मिस्टर बायकोच्या खांद्याला धरून उभे राहिले. अंगावरचा थेंब न थेंब स्वतःचा होता.

घरी परतल्यावर मॅडमनी पहिलं काम काय केलं असेल, तर तो फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला. मिस्टरांनी दिवाणखान्यात स्वतः खिळा ठोकला, फोटो सरळ केला आणि हातोडी घेऊन बाजूला उभे राहिले. सासूबाई शाल सावरत पुढे आल्या. गेल्याच महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांना दोष द्यायची सोय नव्हती. त्यांनी फोटो अगदी जवळून पाहिला आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

“झकास आलाय गं. आणि या थकलेल्या म्हातारबाबांना हात धरून तूच वर नेलंस ना? पुण्य लागेल हो तुला,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी हळूच विचारलं, “जावईबापू या वेळीही बसमध्येच बसले वाटतं?”